यंदाच्या हिवाळ्यांत चित्रें पाहावयास चला

गेल्या आठवड्यांत आमच्या घरीं एका चित्रप्रदर्शनाची निमंत्रणपत्रिका आली. टपालानें नव्हे, किंवा हल्लींच्या रिवाजाप्रमाणें मोबाइलवरूनही नव्हे. ज्यांचें प्रदर्शन ते गृहस्थच ती हातांत घेऊन दोन जिने चढून आले. आमच्याच आळींत राहणारे हे गृहस्थ तालुक्याच्या गांवीं एका शाळेंत ३२ वर्षें ड्रॉइंगमास्तर होते. सेवानिवृत्तीनंतर ते रोज पहांटे उठून जलरंगांत चित्रें काढतात, हें आम्हांस ऐकून ठाऊक होतें. पाहून मात्र ठाऊक नव्हतें. येत्या मार्गशीर्षांत नगरपालिकेच्या नाट्यगृहाच्या माडीवर जें कलादालन आहे, तेथें त्यांचें प्रदर्शन भरावयाचें आहे. दालनासाठीं अर्ज करून त्यांस तीन वर्षें झालीं. आतां कोठें सहा दिवस पदरांत पडले.

चहा झाला. कांहीं तरी बोलावयाचें म्हणून आम्हीं विचारलें, "मास्तर, मागचें प्रदर्शन कसें झालें होतें?"

"उत्तम झालें," मास्तर म्हणाले. "सहा दिवसांत ५३ माणसें आलीं. मीं वहींत मांडून ठेविलीं आहेत. त्यांपैकीं २१ जण नाटकाच्या मध्यंतरांत पिण्याचें पाणी कोठें आहे तें विचारावयास वर आले होते. पण जातां जातां त्यांनीं भिंतीकडे पाहिलें, म्हणून त्यांनाही धरलें आहे. तुम्ही वहिनींना आणि मुलांना घेऊन अवश्य या."

मास्तर हंसले, आम्हीही हंसलों. ते गेल्यावर सौ.नें पत्रिका उलटसुलट करून पाहिली आणि विचारलें, "त्या ५३ माणसांत आपण होतों का हो?"

आम्ही नव्हतों. इतकेंच नव्हे, तर त्या सहा दिवसांतील एका संध्याकाळीं आम्ही उभयतां त्याच नाट्यगृहांत, त्या दालनाच्या बरोबर खालीं, आठव्या रांगेंत बसून नाटक पाहात होतों. मध्यंतरांत बटाटेवडाही खाल्ला होता. जिना मात्र चढलों नव्हतों.

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांचा जमाखर्च याहून फारसा निराळा निघेल असें आम्हांस वाटत नाहीं. गाणें म्हटलें कीं आपल्या घरांतील माणसें वाटेल तें कष्ट सोसतात. पंडित भीमसेन जोशी यांनीं आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ सालीं पुण्यास सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव दर वर्षीं डिसेंबरांत भरतो. त्याच्या तारखा कळल्या कीं रजेचे अर्ज जातात, मुंबई-नाशिकचे आप्त मुक्कामास येतात, डबे भरले जातात. नाटकाचेंही तेंच, कोणाचें वाक्य पडलें, कोणाचा आवाज बसला होता, याचा ऊहापोह घरीं येऊन जेवणें होईपर्यंत चालतो. परंतु चित्राचा विषय निघाला कीं हींच सुविद्य माणसें हात वर करतात, "आपल्याला बुवा चित्रांतलें कांहीं कळत नाहीं." हें म्हणतांना त्यांच्या स्वरांत खंत नसते, असलाच तर किंचित् अभिमानच असतो. गाण्यांतलें तरी सर्वांना कोठें कळतें? पण तेथें मान डोलावण्याची सोय आहे. चित्रापुढें मान डोलावली तर लोक काय म्हणतील, ही भीति.

असें कां झालें असावें? आपल्या घरांत चित्रें नव्हतीं असें तर मुळींच नाहीं. राजा रविवर्मा यांनीं १८९४ सालीं मुंबईंत शिळाछापखाना काढला व पुढें तो लोणावळ्याजवळ मळवलीस नेला. तेव्हांपासून लक्ष्मी-सरस्वती घरोघर भिंतीवर येऊन बसल्या. त्यांच्यामागून रघुवीर मुळगांवकरांच्या देवदेवतांचीं कॅलेंडरें आलीं. दीनानाथ दलालांनीं १९४५ सालीं 'दीपावली' मासिक काढलें, आणि दिवाळी अंकाचें मुखपृष्ठ हेंच आपल्या कित्येक घरांतील एकमेव कलादालन होऊन बसलें. पण भिंतीवरील देवीला आपण नमस्कार करीत आलों, कॅलेंडरावर दुधाचा हिशेब लिहीत आलों, आणि मुखपृष्ठ उलटून आंतली कथा वाचीत आलों. चित्रापुढें नुसतें उभें राहण्याचा प्रसंगच कधीं आला नाहीं. शिवाय छापलेलें चित्र कितीही सुरेख असलें तरी तें सपाट. आतां तर तें मोबाइलच्या कांचेवर बोटभर उंचीचें होऊन येतें आणि अंगठ्याच्या एका फटकाऱ्यासरशी जातें. ज्यानें मूळ तैलचित्र दोन हातांवरून पाहिलें आहे त्याला विचारा. रंगाला जाडी असते. ब्रशाच्या केंसांचे ओरखडे त्यांत राहिलेले असतात. एखाद्या कोपऱ्यांत चित्रकारानें आधीं काढलेला आणि मागाहून झांकून टाकलेला हात रंगाखालून पुसट दिसतो. यांतलें कांहीं एक छापांत उतरत नाहीं.

म्हणून यंदा आम्हीं घरांत असा ठराव केला आहे कीं, कोजागिरीपासून होळीपर्यंत दर महिन्याचा निदान एक रविवार चित्रांसाठीं राखून ठेवावयाचा. हंगामही तोच आहे. पावसाळ्यांत हवेंत ओल असते. कागदास बुरशी चढते, कॅनव्हास सैल पडतो, आणि टेंपोंतून चित्रें नेतां-आणतांना मालकाचा जीव वर-खालीं होत असतो. म्हणून बहुतेक चित्रकार पाऊस सरल्यानंतरचा आठवडा मिळावा अशी खटपट करतात. (मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीनें या मोकळ्या दिवसांचाही चांगला उपयोग केला आहे. कलाविद्यालयांतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलामुलींच्या कामाचें 'मान्सून शो' नांवाचें प्रदर्शन तेथें पावसाळ्यांत भरतें. पुढील वर्षीं छत्री घेऊन जावें.)

मुंबईकरांनीं, आणि सकाळच्या गाडीनें मुंबई गांठूं शकणाऱ्या पुणें-नाशिककरांनींही, आरंभ काळ्या घोड्यापासून करावा. या चौकाची एक गंमत आहे. ज्यावरून त्यास हें नांव पडलें तो सातव्या एडवर्ड बादशहाचा अश्वारूढ पुतळा १९६५ सालीं तेथून हलवून राणीच्या बागेंत नेण्यांत आला. पन्नासांहून अधिक वर्षें चौकास घोड्याचें नांव होतें आणि घोडा नव्हता. अखेर २०१७ सालीं स्वाराशिवाय नुसताच एक काळा घोडा तेथें उभा करण्यांत आला. ही तडजोड आम्हांस तरी मोठी गोड वाटते. या घोड्याच्या भोंवतीं थोड्याशा अंतरांत चित्रें पाहावयाच्या इतक्या जागा आहेत कीं एक रविवार पुरत नाहीं.

त्यांत पहिली जहांगीर. सर कावसजी जहांगीर यांनीं आपल्या दिवंगत पुत्राच्या स्मरणार्थ दिलेल्या देणगींतून ही इमारत उभी राहिली आणि २१ जानेवारी १९५२ रोजीं त्या वेळचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या हस्तें तिचें उद्घाटन झालें. येथें प्रवेशास एक पैसाही पडत नाहीं. ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगत आहों. कारण तिकीट किती असेल, आंत जाऊं देतील कीं नाहीं, अशा कुजबुजीनें पायरीवरून परतलेलीं चांगलीं शिकलेलीं कुटुंबें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलीं आहेत. सकाळीं ११ ते सायंकाळीं ७ पर्यंत दारें उघडीं असतात. साधारणतः दर मंगळवारीं भिंती बदलतात. आदल्या रात्रीं एकाचीं चित्रें उतरतात आणि दुसऱ्याचीं चढतात. एकाच छपराखालीं अनेक दालनें असल्यामुळें एका फेरींत निरनिराळ्या तऱ्हेच्या तीन-चार चित्रकारांचें काम पाहावयास मिळतें, आणि जें आवडलें नाहीं त्याचें ओझें वाटत नाहीं. बाहेर पदपथावरही चित्रकार आपलीं चित्रें मांडून बसलेले असतात, तेथेंही थांबावें. पूर्वीं आंत 'समोवार' नांवाचें एक लांबट, अरुंद उपाहारगृह होतें. १९६४ पासून २०१५ पर्यंत तें चाललें. तेथें चहा पीत बसलेल्या मंडळींत थोर चित्रकार कोण, हें ओळखण्याचा खेळ आम्ही तरुणपणीं खेळत असूं, आणि बहुधा चुकत असूं.

जहांगीरची खरी मौज मात्र निराळीच आहे. चित्रकार स्वतः तेथें बसलेला असतो. आठवड्याचें भाडें भरून, चौकटी करवून, चित्रें टांगून तो सकाळपासून सायंकाळपर्यंत टेबलाशीं असतो. पुढें अभिप्रायाची वही आणि किमतींचा कागद. नाटकांत चालू प्रवेशांत नटाला जाऊन विचारतां येत नाहीं, मैफलींत बुवांना थांबवितां येत नाहीं. येथें खुशाल विचारावें. पण "याचा अर्थ काय?" हा प्रश्न आधींच विचारूं नये, तो ऐकून ऐकून बिचाऱ्यांचे कान किटलेले असतात. "हें चित्र आपण कोणत्या बाजूनें सुरू केलें?" असें विचारून पाहावें. आम्हीं एकदां हा प्रश्न केला, तर एका अगदीं अबोल दिसणाऱ्या बाईंनीं आम्हांस पाऊण तास उभें करून सांगितलें.

आतां या जागेच्या पूर्वींचें थोडें. मुंबईंत चित्रप्रदर्शनें भरविण्याची शिस्त लाविली ती १८८८ सालीं स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीनें. रावबहादुर महादेव विश्वनाथ धुरंधर यांस १८९५ सालीं तिचें सुवर्णपदक मिळालें. अमृता शेरगिल यांच्या 'तीन मुली' या चित्रास १९३७ सालीं तोच मान मिळाला. सोसायटीची आज वांद्र्यास स्वतःची इमारत आहे. तिच्या वार्षिक प्रदर्शनाची जाहिरात वृत्तपत्रांत येते, तिजवर लक्ष ठेवावें. नवख्या माणसानें एका चित्रकाराच्या प्रदर्शनापेक्षां आधीं असें पुष्कळांचें प्रदर्शन पाहावें, असें आमचें मत आहे. शंभर चित्रांत आपल्याला ओढून घेणारें एक तरी सांपडतेंच, आणि तें कोणाचें हें पाहून पुढची वाट धरतां येते. राज्य सरकारचें महाराष्ट्र राज्य कला प्रदर्शनही याच कारणासाठीं चुकवूं नये.

जहांगीरहून रँपार्ट रो, म्हणजे आजचा के. दुभाष मार्ग, दोन मिनिटांच्या वाटेवर आहे. याच रस्त्यावर बॉम्बे आर्ट सोसायटीचें एक दालन होतें व तेथें जुलै १९४९ मध्यें प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रूप या मंडळाचें प्रदर्शन भरलें. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे हे त्यांतले सहा जण. यांपैकीं हरि अंबादास गाडे हे आपल्या वऱ्हाडांतील तळेगांव दशासरचे, आणि शिल्पकार सदानंद बाकरे यांनीं अखेरचे दिवस कोंकणांत हर्णै-मुरुडच्या बाजूस काढले, हें आपल्यांतील फार थोड्यांस ठाऊक असतें. पण आमचें मन नेहमीं घुटमळतें तें कृष्णाजी आरा यांच्यापाशीं. सिकंदराबादजवळच्या बोलारमला १९१४ सालीं जन्मलेला हा मुलगा लहानपणींच मुंबईस आला. लोकांच्या घरीं घरकाम करी, मोटारी धुई, आणि उरलेल्या वेळांत चित्रें काढी. वृत्तपत्रांतून कलेवर लिहिणारे रूडी फॉन लायडन यांनीं तीं चित्रें पाहिलीं आणि त्यास हात दिला. १९४२ सालीं आरांचें स्वतंत्र प्रदर्शन झालें. पुढें नांवलौकिक झाल्यावर त्यांनीं काय केलें? तर रँपार्ट रोवरील आर्टिस्ट्स सेंटर या संस्थेचें काम अंगावर घेतलें, आणि ज्यांना मोठ्या दालनांचें दार उघडत नव्हतें अशा नवख्या पोरांस भिंत मिळवून दिली. १९८५ सालीं ते वारले. तें दालनही माडीवरच आहे. जिना चढावा लागतो!

चौकाच्या पलीकडे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय. १९११ सालीं बांधलेलें सर कावसजी जहांगीर सभागृह आंतून नवें करून १९९६ पासून तेथें हें सुरू झालें. अर्धवर्तुळाकार मजल्यांवरून चढत चढत चित्रें पाहावयाचीं. वृद्ध माणसांनीं वर जाऊन उतरत यावें, म्हणजे दम लागत नाहीं. २०१८ सालीं येथें धुरंधरांचें मोठें प्रदर्शन झालें होतें. त्या वेळीं नऊवारींतल्या बायका, लग्नाचे सोहळे, मुंबईचे रस्ते असें सगळें पाहून आमच्या एका आजीबाई म्हणाल्या, "हें तर आमचेंच घर आहे कीं!" धुरंधरांनीं आपल्या जे. जे. स्कूलमधील आयुष्याची हकीकत 'कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षें' या पुस्तकांत लिहिली आहे. आधीं तें वाचून मग त्यांचीं चित्रें पाहावीं. हें संग्रहालय सोमवारीं बंद असतें. लहान मुलें बरोबर असतील तर छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय बरें. तेथील लघुचित्रांपुढें मुलें आमच्या अपेक्षेपेक्षां किती तरी अधिक वेळ रमतात, कारण तीं बरोबर त्यांच्या हाताएवढीं असतात आणि त्यांत हत्ती-माकडें शोधावयाचीं असतात. दर वर्षीं फेब्रुवारीच्या सुमारास येथेंच काळा घोडा कला महोत्सव भरतो. १९९९ सालीं सुरू झालेला हा उत्सव आतां इतका फुगला आहे कीं शनिवार-रविवारीं माणूस चित्र पाहतो कीं पुढच्याचा खांदा, हें सांगणें कठीण. रजा काढून मधल्या वारीं जावें.

पुणेंकरांस इतकें लांब जाण्याचें कारण नाहीं. २६ जून १९६८ रोजीं उघडलेल्या बालगंधर्व रंगमंदिरांत नाटकास आपण शेंकडों वेळां गेलों असूं. तेथील कलादालनांत किती वेळां डोकावलों? निदान नाटकास जातां-येतां गोपाळ देऊसकरांनीं रंगविलेलीं बालगंधर्वांचीं दोन चित्रें तरी थांबून पाहावींत. एकांत ते पुरुषवेषांत आहेत, दुसऱ्यांत स्त्रीवेषांत. माणूस एकच, पण मान वळविण्याची रीत पाहा, बोटें ठेवण्याची रीत पाहा. देऊसकरांनीं पदर-पगडीपेक्षां तेवढ्यावर अधिक भर दिला आहे, असें आम्हांस वाटतें.

सहल काढावयाची असेल तर औंध. सातारा जिल्ह्यांतील या लहानशा गांवीं संस्थानचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं १९३८ सालीं यमाईच्या डोंगरावर श्रीभवानी संग्रहालय उभारलें. ते स्वतः चित्रकार. त्यांचें 'चित्ररामायण' १९१६ सालीं निघालें. रविवर्मा, धुरंधर यांचीं मूळ चित्रें तेथें आहेत, पहाडी शैलींतील चित्रें आहेत, आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराची दगडांत कोरलेली 'माता आणि मूल' ही मूर्तिही आहे. माणदेशाच्या वाटेवरील एका टेकडीवर ती पाहतांना आपण कोठें आहों याचा क्षणभर विसर पडतो. संगीतप्रेमी मंडळींनीं आश्विन वद्य चतुर्थीचा दिवस धरावा. औंध दरबारचे गायक अंतुबुवा जोशी यांनीं १९४० सालीं आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला संगीत महोत्सव त्या तिथीस होतो. कोजागिरीनंतर चौथा दिवस. दिवाळीच्या फराळाची घाई सुरू होण्याआधीं एक दिवस निघतो.

मुलांविषयीं थोडें लिहिल्याशिवाय पुढें जाववत नाहीं. हा लेख वाचतेवेळीं आमच्या कित्येक वाचकांच्या घरीं शासकीय रेखाकला परीक्षेची धांदल चालू असेल किंवा नुकतीच संपली असेल. एलिमेंटरी, मग इंटरमिजिएट; वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिति आणि अक्षरलेखन. दर रविवारीं खास शिकवणी, नवे ब्रश, पोस्टर रंगांच्या बाटल्या. 'अ' श्रेणी मिळाली कीं पेढे. आणि मग? दहावीच्या गुणांत चार गुण वाढले कीं ती रंगपेटी माळ्यावर जाते ती जातेच. ज्या मुलानें दोन वर्षें घागर आणि तिची सावली काढली, त्याला एखाद्या चित्रकारानें घागर कशी काढली आहे हें दाखविण्यासाठीं आपण एकदांही नेत नाहीं. गाण्याच्या परीक्षेस बसलेल्या मुलीनें एकही मैफल ऐकली नाहीं तर आपण तिच्या गुरूस नांवें ठेवूं. येथें मात्र कोणाला त्याचें कांहींच वाटत नाहीं. परीक्षेस बसलेलें मूल घरांत असेल तर त्याला निकालाआधीं एक प्रदर्शन दाखवावें. निकालानंतर तें येणार नाहीं.

एवढें सगळें लिहून झालें आणि आमच्या लक्षांत आलें कीं, ज्यांच्यामुळें हें लिहावयास घेतलें त्या मास्तरांचें एकही चित्र आम्हीं अजून पाहिलेलें नाहीं. म्हणून परवांच्या रविवारीं आम्ही उभयतां त्यांच्या घरीं गेलों. दोन खोल्या. एका पलंगावर ३४ चित्रें मधें पातळ कागद घालून रचून ठेविलेलीं. जलरंगाला कांच लागते. कांच, माउंट आणि चौकट मिळून एका चित्रामागें जो खर्च येतो तो ऐकून आम्ही गप्प झालों. मास्तरांनीं निवृत्तिवेतनांतून दोन वर्षें त्यासाठीं पैसे बाजूस टाकले आहेत.

एकेक कागद उचलून ते दाखवूं लागले. घाटांतला पाऊस, गांवचा बाजार, शाळेची ओसरी. जलरंगांत पांढरा रंग लावीत नाहींत, कागदाचा पांढरेपणाच ठेवून द्यावयाचा असतो, हें आम्हांस त्या दिवशीं कळलें. "कोठें रंगवावयाचें याच्या आधीं कोठें रंगवावयाचें नाहीं तें ठरवावें लागतें," मास्तर म्हणाले. "एकदां रंग कागदांत शिरला कीं पुसतां येत नाहीं. ओलें असतांना घाई केली तर चिखल होतो, वाळल्यावर हात लाविला तर डाग पडतो. मधला वेळ अगदीं थोडा." त्यांनीं एक चित्र खिडकीशीं धरलें. तो आमच्या आळीच्या टोंकाचा वाडा होता. चार वर्षांपूर्वीं पाडला आणि तेथें सात मजली इमारत उभी राहिली. दिंडीदरवाजा, त्यांतून आंतल्या चौकांतलें ऊन, कट्ट्यावर पाठमोरी बसलेली एक म्हातारी. ऊन म्हणजे नुसता कोरा कागद होता. आम्ही त्या वाड्यावरून वीस वर्षें जात-येत होतों.

"याची किंमत काय ठेविली आहे?" सौ.नें विचारलें.

मास्तर संकोचले. किमतींचा कागद कोराच होता. त्यांनीं आजवर एकही चित्र विकलेलें नव्हतें. मागच्या प्रदर्शनांत दोन चित्रें मागणाऱ्यांना तशींच देऊन टाकलीं होतीं. हें काहीं बरें नव्हे, असें आम्हीं स्पष्ट सांगितलें. कांच-चौकटीचा खर्च, कागद-रंग आणि त्यावर मेहनतीचें कांहीं तरी, असा हिशेब आम्हीं तेथेंच बसून मांडून दिला. लग्नाच्या अहेरांत आपण ज्या वस्तु देतों आणि ज्या पुढच्या लग्नांत फिरतात, त्यांच्याइतकीच किंमत एका चित्राची निघाली. वाड्याचें चित्र आम्हीं आमच्या नांवें लिहून घेतलें आहे. मात्र प्रदर्शन संपेपर्यंत तें भिंतीवरच राहील, आणि त्याखालीं लाल टिकली लागेल. ती पाहून दुसऱ्याला धीर येतो म्हणतात.

उठतां उठतां मास्तर म्हणाले, "चित्रांच्या नांवांच्या चिठ्ठ्या तेवढ्या राहिल्या आहेत. छापून घेतल्या तर निर्जीव दिसतात, आणि माझा हात आतां बारीक अक्षराला स्थिर राहात नाहीं."

सौ. थोडा वेळ कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, "मला इंटरमिजिएटला अक्षरलेखनांत चांगले गुण होते."

हें आम्हांसही नवीन होतें. लग्नाला सव्वीस वर्षें झालीं. घरीं आल्यावर तिनें ट्रंकेच्या तळांतून एक पिंवळें पडलेलें प्रमाणपत्र काढून दाखविलें, आणि दुसऱ्या दिवशीं बाजारांतून कट-निब, काळी शाई व जाड कागद आणला. पहिल्या चार चिठ्ठ्या तिनें फाडून टाकल्या. मास्तर एक दिवसाआड येऊन पाहून जातात, 'ळ'ची गांठ जरा मोकळी ठेवा, एवढेंच सांगतात. जेवणाच्या टेबलावर सध्यां आम्हांस जागा नाहीं. ३४ पैकीं १९ चिठ्ठ्या झाल्या आहेत, आणि प्रदर्शन अजून सहा आठवड्यांवर आहे.